बाकी सममिती भरते

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजला कुलूप,
म्हणून पुंजारामने बाटल्या माझ्या हवाली केल्या,
काळ्या कागदात गुंडाळून. चांदीला उजेड सोसत नाही.
"ताई, फक्त हलवू नका."
आणि मी त्या नेल्या थेट
नाशिकच्या तांबट आळीत,
जिथे सकाळी सातपासून भिंतीसुद्धा हलतात.

अहिरराव सरांना सांगितलं नाही.
माळ्यावरच्या डब्यात, तांदळात,
बाटल्या गळ्यापर्यंत पुरल्या.
खाली अप्पा घंगाळ ठोकत होते.
लग्नाचं काम; थांबा म्हणणार कोण?

आत काय चाललंय ते मला कागदावर ठाऊक होतं:
चौदा अणूंचं एक कडं,
त्यातले चार नायट्रोजन आत तोंड करून,
मधोमध तांबं, नीट बसलेलं,
वरची आणि खालची जागा मोकळी.
त्या जागांवर चांदी यायची होती,
दोन्ही टोकांना सायनाइड घेऊन.
आमच्या दारापासून सराफ बाजार पाच मिनिटांवर,
तरी या दोघांचं जुळायला
मध्यस्थ विषच लागलं.

दहाव्या दिवशी कागद सोडवला.
तळाशी जांभळ्या सुया,
केसाएवढ्या, कडा शाबूत.
एक दिवसही ठोकणं थांबलेलं नव्हतं.

एक सुई हौसेने द्रवाबाहेर काढून काचेवर ठेवली.
चहा होईतो तिची धूळ झाली.

मोजमाप पुण्याहून आलं, जानेवारीत.
तांबं, चांदी, तांबं, चांदी,
सरळ साखळी, तिला शेवट नाही.
कड्याचे चार नायट्रोजन दोन अँगस्ट्रॉमवर,
सायनाइडचे दोन अडीचच्याही पुढे.
तांब्याची रीतच ती:
चौघांना पोटाशी घेतं, दोघांना लांबून धरतं,
सोडत मात्र कुणालाच नाही.

अप्पांना स्क्रीनवर फिरवून दाखवलं.
म्हटलं, यातलं अर्धंच मोजायचं असतं.
तांब्यापाशी केंद्र आहे,
इकडचं ते तिकडे, उलटं.
बाकी सममिती भरते.
त्यांनी चष्मा पुसला.
"म्हणजे एकदाच ठोकलं
आणि पुढचं काम आपोआप?"
हो.
"मग ठोक्यावरून कारागीर ओळखायचा कसा?"

मला उत्तर सुचेना,
म्हणून साखळ्यांमधली पोकळी दाखवली.
तिथे पाण्याचा एक रेणू आहे,
साठ टक्के इथे, चाळीस टक्के तिथे.
दोन आठवडे झगडले त्याच्याशी,
अहवालात अजून डाग आहे त्याचा.
अप्पा तिथेच बघत राहिले बराच वेळ.
"हा आमच्यातला," म्हणाले,
आणि हातोडी शोधू लागले.

आईने मात्र त्या बोलण्यातला
एकच शब्द उचलला होता, विष.
तिने डब्यातले सगळे तांदूळ टाकून दिले
आणि डब्याला
दोनदा कल्हई करून घेतली.