मडक्यांच्या चालीनं

खानापुरात गाडीनं अंग टाकलं.
पिस्टन धरलंय, मेकॅनिक म्हणाला, परवा या.
बॅगेत औषधांची सॅम्पलं,
बेळगावात अजून चार डॉक्टर गाठायचे.
नाक्यावर मष्णूचा टेम्पो होता, मडक्यांनी भरलेला.
बसा की, म्हणाला, पण घाई असली तर बसू नका.
मागं माती आहे.
भाजलेली असली तरी मातीच.

पुढं त्याची दोन पोरं होती,
म्हणून मी मागं, पिंजरावर,
गंगव्वाच्या शेजारी.
तिनं दोन्ही पायांनी एक रांजण अडवून धरलेला.
मला तिनं नाव विचारलं नाही.
फक्त म्हणाली, गुडघा काढा तिकडं,
घागरीला लागतोय.

गावाबाहेरच्या तळ्यात एक म्हैस उठत होती.
बावीस वर्षं जातोय मी या रस्त्यानं;
तळं आहे, हे ठाऊक होतं.
म्हैस उठायला किती वेळ घेते, ते नव्हतं.
आधी मागचे पाय,
मग थोडा विचार,
मग पुढचे.

मष्णूनं चौपदरी सोडली, आतला रस्ता धरला.
मला ही गावं डॉक्टरांच्या नावांनी पाठ:
इथं बीपीचा, इथं मुलांचा, इथं सोमवारी बंद.
आज गावं नुसतीच आली.
खळ्यावर भात झोडपणारे दोघं,
त्यांच्या अंगावरचा भुसा,
भिंतीवर वाळत घातलेली एकच लाल चड्डी.

खड्डा दिसला की गंगव्वा पत्र्यावर थाप मारायची:
सावकाश!
मष्णू आतून ओरडायचा:
सावकाशच की!
ती कन्नडात म्हणत होती, तो मराठीत.
शब्द तोच.
नक्की कुणाचा, याचा मी बराच वेळ विचार केला.
देसूरजवळ सोडून दिला.

मच्छ्याच्या अलीकडं एका बाईनं हात केला.
एक घागर घ्यायला तिनं अकरा वाजवून पाहिल्या.
खण् म्हणाली तर पक्की,
बद्द म्हणाली तर आत कुठंतरी केस गेलाय.
आम्ही सगळे थांबलो.
उन्हं कलली.
माझा फोन दोनदा वाजला, मी वाजू दिला.
दहा रुपयांसाठी त्या दोघी इतक्या छान भांडल्या
की शेवटी गंगव्वानं झाकणी तशीच दिली.

बेळगावात माल उतरवायला मीही लागलो.
ती वरून द्यायची, मी खाली घ्यायचो,
घेताना मोजायचो.
ओंदु. एरडु. मूरु.
ओंबत्तुला आलो तर मष्णू हसला:
सायेब, कन्नड येतंय की तुम्हाला!

कामापुरतं येतं.
डॉक्टर आहेत का, कधी येणार, एवढं.
पण हे कामापुरतं नव्हतं.
हे बॅगेच्या, गाडीच्या, शाळेच्याही आधीचं होतं,
हातात घागर आल्याबरोबर
मला न विचारता तोंडात आलेलं.

आई बैलहोंगलची. नीलव्वा.
लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नीलिमा लिहिलं,
तेव्हापासून ती मराठीतच बोलली,
मराठीतच रागावली,
बाबा गेले तेव्हा रडलीही मराठीत.
पण भाकऱ्या रचताना,
धोब्याचे कपडे लावताना
ओठांत काहीतरी चालायचं तिच्या.
आम्हाला वाटायचं, जप.

तासाभराच्या वाटेला साडेतीन तास लागले.
चारही दवाखाने बंद झाले होते.
गंगव्वानं भाडं घेतलं नाही,
वर एक पणती दिली, जराशी वाकडी.

घरी आलो.
आई दिव्याखाली आठवड्याच्या गोळ्या
डबीच्या खणांत टाकत होती.
ओठ हलत होते.
मी दारातच उभा राहिलो,
बॅग खांद्यावर, पणती हातात.
हाक मारली नाही.
तिचं मोजून होऊ दिलं.