पडलेली काठी

टोलीडोच्या काचकारखान्यात, तिसऱ्या पाळीला,
लेम्युएल टार्व्हरचे कान तयार झाले.
पट्ट्यावरून बाटल्या यायच्या एकमेकींना टेकत,
आणि तडा गेलेली एखादी
हजारांत वेगळी बोलायची.
हा न बघता ती उचलून बाजूला ठेवायचा.
मुकादम म्हणायचा, काय डोळे आहेत पोराचे!
डोळे.

हे त्याने कधी सांगितलं नाही.
त्याची बहीण अर्डेला बोलली, दफनानंतर,
चर्चच्या तळघरात
बटाट्याच्या सॅलडवर झाकण ठेवता ठेवता.

मला तो पहिल्या दिवशी एवढंच म्हणाला,
"ग्लास भर. काठोकाठ. आता जिना चढ."
मी अकरा वर्षांची, लाग्रेंज स्ट्रीटवरच्या पोलिश खाटकाची मुलगी.
फी ठरलेली: आठवड्याला दोन डॉलर
आणि सॉसेजची एक माळ.
सहा आठवडे मी त्याच्या घरात पाणी वाहिलं.
ड्रमला हात नाही.
सातव्या आठवड्यात त्याने टेलिफोन डिरेक्टरी पुढ्यात ठेवली,
हातात ब्रश दिले.
"हं, वाजव. कुणाचं आडनाव दुखवू नकोस."

न्यूयॉर्कमध्ये तो साडेतीन वर्षं होता.
एक रेकॉर्ड. पाकिटावर नाव चुकलेलं, एल. टार्बर.
दुसऱ्या बाजूला, ट्रम्पेट थांबल्यावर,
सोळा मात्रा ड्रम बोलतच नाहीत.
खाली फक्त पायाची झांज, दुसरीवर, चौथीवर,
कुणी अंधारात चपला चाचपाव्यात तशी.
त्या सोळा मात्रांवर बरंच लिहिलं गेलं.
धाडस, लिहिलं. मौन, लिहिलं.
एकाने तर ईश्वरही लिहिला.
मी ते त्याला वाचून दाखवलं, चौदाव्या वर्षी,
उसन्या मोठेपणाने, आवाज खाली आणून.

तो सँडविच खात होता. चावणं थांबलं नाही.
"काठी पडली होती," म्हणाला.
"उजवी. घामाने. गेली स्टुलाखाली."
मग तोंड पुसून,
"ती उचलेपर्यंत पाय काय करत होता, ते शीक.
बाकीचं छापलेलं आहेच."

परत का आला, ह्याची तीन उत्तरं होती.
आई. भाडं.
तिसरं विचारणाऱ्याचं तोंड बघून बदलायचं.
आल्यावर डॉर स्ट्रीटवर वाजवत राहिला
रस्ता रुंद होईपर्यंत.
बुलडोझर आले त्या सकाळी, अर्डेला सांगते,
हा फुटपाथवर उभा, कोटाच्या खिशात हात,
एकेक भिंत कोसळताना ओठांत मोजत होता.
घरी येऊन म्हणाला, "घाई करतायत."
आणि झोपला दोन दिवस.

मग शाळेचा बँड, एकतीस वर्षं.
चिकटपट्टीने सांधलेला स्नेअर, पोटात जुने मोजे कोंबलेला बेस ड्रम,
दर सप्टेंबरला नवी पोरं, सगळी लयीच्या पुढे पळणारी.
ओरडायचा नाही. खिडकी उघडायचा.
तळ्यावरचा वारा आत आला की
पोरं गप्प, एकमेकांना चिकटून,
आणि चिकटून बसलेली माणसं ऐकतात, असं त्याचं म्हणणं.
प्राचार्यांनी हीटिंगच्या बिलावरून दोनदा पत्र लिहिलं.

शेवटी हात थरथरायला लागले.
मी भेटायला गेले, पाण्याचा ग्लास पुढे केला, अर्धा भरलेला.
तो ग्लासाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
मी परत गेले. काठोकाठ भरून आणला.
पाणी सगळं चादरीवर.
"हात आता माझं ऐकत नाहीत," म्हणाला,
"पण टेंपो बघ. हलतोय का कुठे?"
मी घड्याळ लावून पाहिलं.
नव्हता हलत.

परवा शाळेच्या कार्यक्रमात, ऐन मध्यात,
माझ्या एका पोराच्या हातून काठी सुटली,
गडगडत मंचाच्या कडेला गेली.
त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.
मी त्याच्या पायाकडे.

पायही थांबलेला.
सोमवारी लवकर ये, म्हटलं,
आणि घरी येऊन कपाटात
जरा मोठा ग्लास शोधू लागले.