सी सॉल्ट

रबाळ्याला, तिसऱ्या मजल्यावर,
मोरीएवढी एक काळोखी खोली आहे.
तिच्यात लाइट बॉक्स.
आत जायच्या आधी मी पिवळ्या कुर्त्यावर
राखाडी कोट चढवते,
कारण अंगावरचा रंग कापडावर सांडतो
आणि मग डोळे खोटं बोलतात.

डाइंगवाल्याने चार तुकडे पाठवलेत,
पत्त्यांएवढे, कार्डाला स्टेपल केलेले:
अ, ब, क, ड.
खरेदीदाराच्या यादीत या रंगाचं नाव सी सॉल्ट.
मागच्या महिन्यात ओट मिल्क होतं,
त्याआधी कसलीशी धूळ.

पहिलं बटण: दुपारचं ऊन.
दुसरं: त्यांच्या दुकानातली ट्यूब.
तिसरं: कुणाच्या तरी घरातला पिवळा दिवा,
जिथे ती आरशासमोर उभी राहून ठरवेल
ठेवायचं की परत पाठवायचं.
तिसऱ्या बटणाला अ गुलाबी पडतो.
क ला निळ्याची बाधा.
ड बघितल्या बघितल्या बाद.
ब तिन्ही उजेडांत जवळपास तोच राहतो.
जवळपास.
माझा अर्धा पगार या एका शब्दाचा आहे.

उरलेले तीन मी पर्समध्ये टाकले.
गोठिवलीला, जेवणं झाल्यावर, सासऱ्यांपुढे मांडले.
बुधाजी मढवी, एकवीस वर्षं मिठागरात,
तळपायाच्या भेगा अजून बुजल्या नाहीत.
"मामा, यातला मिठाचा रंग कुठला?"
त्यांनी चष्मा पुसला, एक तुकडा चिमटीत धरला.
क्षणभर वाटलं, जिभेला लावतात की काय.
"मिठाला रंग कवा व्हता गो?
वर जसा आभाल, तसा मीठ.
पिकाय आला का आगरातला पानी लाल दिसतो.
पयला निघतो तो मातकट.
चांदन्यात रास बघशील तर निली."
मग म्हणाले, "फडका बरा हाय, चष्म्याला व्हईल,"
आणि ड ठेवून घेतला.

हे कॉमेंट शीटच्या कुठल्या रकान्यात लिहू?
कागदाला हवा असतो
आभाळाचं न ऐकणारा रंग.

गुरुवारी शफाअत मास्तरांनी नमुना शिवला,
मीडियम साइज, ब च्याच कापडाचा.
कॉलरची टोकं सुईने हळूच बाहेर काढली,
डावी बाही तीनदा उसवली,
कुणाच्या नजरेत आलं नसतं अशा सुरकुतीसाठी.
लाइनवर याच बाहीला
चाळीस सेकंद मिळतील.
कुरियरला देण्याआधी पाठीवर एक भोक पाडायचं असतं,
बांगडीएवढं,
म्हणजे कस्टमवाल्यांना कळतं, हे विकायचं नाही.
मास्तर कात्री माझ्याकडे सरकवतात
आणि चहाला जातात.
दर वेळी.

सोमवारी उत्तर आलं.
मंजूर. बल्कमध्ये पिवळा किंचित कमी.
बाही एक सेंटिमीटर आखूड.
बेचाळीस हजार नग, एकवीस दिवस.
मास्तरांना बाहीचं सांगितलं नाही त्या दिवशी.
ब वर सही केली, तारीख घातली,
काळ्या पाकिटात बंद करून कपाटात ठेवला;
उजेड लागला की तो उतरतो.
बेचाळीस हजार दीड महिन्यात सेलच्या दांडीवर जातील,
हा मात्र इथे राहील दोन वर्षं,
न घातलेला, न धुतलेला,
भांडण झालंच तर साक्षीला.

काल सकाळी निघताना पाहिलं,
मामांनी ड धुऊन दोरीवर टाकला होता,
त्यांच्या बनियनशेजारी, एका चिमट्यावर.
आधी पांढरा वाटला.
मग ढग सरकला आणि राखाडी,
मग काहीतरी, ज्याला आमच्या यादीत नाव नाही.
मी कोट घातला नव्हता.
नोंद केली नाही.