एकच भरती

मंगळ आमच्या नाट्याच्या सड्यावर होता.
अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात
मुंबईहून दोन ट्रक भरून माणसं आली,
बर्फाच्या कारखान्यातला मोडका बॉयलर
रुपेरी रंगवून कातळावर उभा केला
आणि म्हणाली, हे काळाचं तरांडं.

नायक त्यांचा. नाव अगस्ती.
सोबती स्वस्तात हवे होते, म्हणून गावातले:
मी, खताच्या दुकानातला पर्शा गुरव
आणि लतीफ सोलकर, वय एकोणीस,
ज्याला संवाद नव्हता,
फक्त हात वर करून हसायचं होतं.
डोक्यावर पत्र्याचे टोप, अंगात रेक्झिन,
तापल्या जांभ्यावर पाय भाजत
आम्ही तेरा भाग विश्व वाचवलं.
मग अगस्ती म्हणाला, भरती ओसरायच्या आत येतो,
आणि आम्हाला मंगळावर सोडून गेला.

मालिका बंद पडली. बॉयलर भंगारात.
पर्शा पोस्टात चिकटला.
मी लग्न करून आडिवऱ्याला गेले, नाट्याला परत आले,
त्याचं कारण इथे नको.
लतीफ खलाशी झाला, मग तांडेल,
आणि फयानच्या वादळात त्याची बोट
मुसाकाजीला परतली नाही.

चौतीस वर्षांनी फोन.
पुनर्भेटीचा एक भाग करायचाय,
अगस्ती जुन्या सोबत्यांना न्यायला येतो.
मी विचारलं, लतीफचं काय?
पलीकडचा पोरगा म्हणाला, ते कॉम्प्युटर बघेल.

सप्टेंबर निवडला, तिथेच चुकले.
सड्यावर सीतेची आसवं फुललेली,
डबक्यांच्या काठापर्यंत सगळं जांभळं,
आणि मंगळ असा नसतो.
दिग्दर्शिका कपाळाला हात लावून बसली.
मग म्हणाली, फुलं नंतर पुसू.
म्हणजे ठरलं ते असं:
जी होती ती नसणार,
जो नव्हता तो असणार.

लतीफच्या जागी त्याचाच मुलगा उभा केला, सईद,
तोंडावर हिरवे ठिपके चिकटवून.
त्यावर बापाचा चेहरा बसवायचा होता, एकोणिसाव्या वर्षातला.
सईद पंचवीसचा.
हळूच म्हणाला, मावशी,
बापापेक्षा मोठं होऊन
त्याच्या जागी कसं उभं राहतात?
मी म्हटलं, पाय भाजल्यासारखा उभा राहा.

अगस्ती आला. दोन्ही गुडघे बदललेले,
केस काळेभोर, काठीला चंदेरी कागद.
त्याने विचारायचं, "किती काळ लोटला, इरा?"
मी म्हणायचं, "एकच भरती."
नऊ वेळा म्हणाले.
पहिल्यांदा म्हटलं तेव्हा खाली आंबोळगडाकडे
पाणी खडकांवर चढत होतं;
नवव्यांदा, कालवं काढणाऱ्या बायका
कोयत्या घेऊन उतरल्या होत्या.
दहाव्यांदा तोंडातून निघून गेलं,
"तूच मोज की. तरांडं तुझ्याकडे आहे."

कुणी काही बोललं नाही.
म्हातारा माझा हात धरून नुसताच उभा,
पुढचा संवाद त्याला येत नव्हता
की त्याला पुढचा संवादच नव्हता, कोण जाणे.
पर्शा म्हणाला, सही कुठे करायची?
हसण्यात ते गेलं. अकरावं ठेवलं.

दाखवलं त्या रात्री आम्ही झुबेदाकडे जमलो.
तांबडा ओसाड कातळ. एक फूल नाही.
फक्त पर्शाच्या बुटाला काहीतरी जांभळं चिकटलेलं,
तेवढं त्यांच्या नजरेतून सुटलं.
मग धुरातून लतीफ आला, हसला,
हात वर केला.
पोरं ओरडली, अब्बा, आजोबा, जे ज्याचं नातं.
झुबेदा बघत राहिली.
पंचविशीतला नवरा तिने पाहिला होता,
चाळिशीतल्याची वाट पाहिली होती,
हा कोवळा मुलगा तिला कधी भेटलाच नव्हता.

"याला मी ओळखत नाही," ती म्हणाली.
"पण करंगळी बघा."

करंगळीला शेवटचं पेर नव्हतं.
ते गेल्या शिमग्यात विंचने नेलं होतं, सईदचं.
सईदने हात मांडीखाली घातला.
पडद्यावर तो वरच होता, हलत,
जाहिरात लागेपर्यंत.