कुत्री कशी भुंकतात

मोखोत्लोंगला जूनमध्ये नळाचं पाणी
नऊनंतर सुटतं.
तोवर बाया पोरांच्या हातांवर फुंकर घालत
शीर वर यायची वाट बघतात.

पोरं थुंकत नाहीत.
सगळी अडचण एवढीच.
मोठा माणूस खोकतो, डबीत बेडका टाकतो,
काचेखाली जंतू सापडतो, वहीत लाल शाईनं नोंद होते.
पोर खोकतं
आणि गिळतं.
मग पहाटे, उपाशीपोटी, नाकातून नळी,
तिघांनी धरून ठेवायचं,
उद्या पुन्हा.
आणि इतकं करून बहुतेकदा कागदावर: आढळलं नाही.
आढळलं नाही म्हणजे नाहीच असं नव्हे,
हे माझ्याच सेसोथोत एखाद्या आईला कसं सांगायचं
मला अजून जमलेलं नाही.

मा-काटलेहो दीड दिवस घोड्यावरून आली.
आमच्यात पहिलं मूल झालं
की बाईला त्याच्या नावानं हाक मारतात.
मूल गेलं तरी हाक तीच राहते.
काटलेहो चार वर्षांचा, वजन दोनच्या पोराचं,
आईच्या घोंगडीची पिन धरून उभा.
बाप वेल्कमच्या खाणीतून परतला होता
हेल्मेट, रेडिओ आणि खोकला घेऊन.

नवी तपासणी आलीय, अजून चाचपडतेय.
दोन मिली रक्त.
जंतू शोधायचाच नाही,
रक्त कशानं खवळलंय तेवढं ऐकायचं.

माझा भाऊ डोंगरात गुरं राखायचा.
अंधारात त्याला काही दिसायचं नाही,
पण कुत्री कशी भुंकतात त्यावरून सांगायचा:
हा कोल्हा. हा गुरंचोर.
हा नुसताच पाहुणा, झोपा.
यंत्र आता तेच शिकतंय.
चुकतं. न्यूमोनियालाही कुत्री भुंकतात.
आणि ज्या घरी कुत्र्यांनाच खायला नसतं
तिथं चोर उंबऱ्यात आला तरी
ती मान टाकून पडून राहतात.
काटलेहोच्या दंडावरची फीत
लाल पट्ट्यावर थांबली.

भाऊ अकराव्या वर्षी गेला.
त्याचा कागद मी नंतर, इथं नोकरीला लागल्यावर, शोधून काढला.
आढळलं नाही.
आईला गाव अजून मा-मोहलोमी म्हणतं.

दुपारी आकडा आला. मधलाच.
डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, मग पोराच्या बरगड्या,
मग बापाचं खाणीचं कार्ड.
मा-काटलेहोनं मला विचारलं, आहे की नाही?
मी म्हटलं, भुंकताहेत.
लांबून, दमलेली आहेत, पण भुंकताहेत.

तिनं पिन काढून पुन्हा घट्ट लावली.
"मग कोल्हा दिसेपर्यंत कोण थांबतं?"
म्हणाली, आणि पोराला पाठीवर घेऊन
औषधाच्या खिडकीकडे निघाली.