तमाम

वरच्या खोलीत नुर्तेन राहते.
दिंडोरीच्या बेदाणा कारखान्यात
ओलावा मोजायची नोकरी.
रात्री नऊला तिच्या गावी साडेसहा वाजतात
आणि जिन्यातून तिचा आवाज खाली उतरतो.

पहिल्या महिन्यात त्यातलं मला कळायचं एवढंच:
बाबा. हवा. खबर. दुनिया.
एकदा साबण.
आणि शेवटी, फोन ठेवताना, तमाम, तमाम.
मी हिला म्हटलं, कुणाचं तरी काम तमाम झालं बहुतेक.
अहो, ते ‘बरं बरं’ म्हणतात, ही म्हणाली,
मी विचारलंय तिला.

तिच्या बाबांना फोन धरता येत नाही.
पडद्यावर असतं छत, एक बल्ब,
फार तर अर्धी भुवई.
त्या भुवईला ती घड दाखवते थॉमसनचा,
येताना पिंपळगावहून आणलेला.
भुवई म्हणते, हा तर आपला सुलतानी!
मग साखर किती उतरली यावर अर्धा तास.
गुडघ्यांचा विषय
दोघंही काढत नाहीत.

ईदच्या सकाळी ती फोनवर ओठ टेकते
आणि तो कपाळाला लावते,
त्यांच्यात थोरांचा हात लावतात तसा.
कपाळ नेमकं लाल बटणावर.
फोन कट.
मग समुद्रापलीकडून उलटा फोन येतो,
खोकत, हसत.

मी एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
पोस्टाची तिकिटं तपासली.
दातेरी कड तुटलेली, रंग सरकलेला,
असली शीट बाजूला काढायची.
किती लाख, हिशेब नाही.
त्यातली येवल्याला आईच्या पाकिटांवर
लागली असतील आठ-नऊ.
ऐंशी किलोमीटर तर आहे, म्हणायचो,
लिहायचं काय त्यात, जाऊच की रविवारी.

परवा भुवईनं घरमालकाला बोलावून घेतलं.
मी वाकून म्हणालो, नमस्कार, बाबा.
(माझ्याहून दोन वर्षांनी लहान निघाला.)
त्यानं काहीतरी विचारलं. नुर्तेन जरा थांबली,
मग तिच्या मोडक्या हिंदीत,
काका, विचारतायत, तुमची आई कुठे असते?

आईला जाऊन अकरा वर्षं झाली.
मी म्हटलं, येवल्याला.
लांब आहे का?
नाही, म्हटलं. जवळच.

तिनं ते तिकडे सांगितलं.
बल्ब हलला. भुवई थोडी वर गेली.
तमाम, आतून आवाज आला,
तमाम.