रिकाम्या फोल्डरचं काय करायचं

तोर्सहाव्हनमध्ये वारा झाडाला उभं राहू देत नाही.
जी थोडी आहेत ती दगडी कुंपणाच्या आत,
नव्या शाळेतल्या मुलांसारखी एकमेकांना चिकटून.
रान्वाच्या नावात, माझ्या कानाला तरी, रान ऐकू येतं;
तिच्या वाट्याला आलेलं झाड मात्र
हानुस सर्व्हरवर ठेवून गेला:
मूळ वर, फांद्या खाली,
चौतीस वर्षांची वाढ,
दोन लाख अकरा हजार चारशे नऊ पानं.

पान म्हणजे एक फोटो,
कॉड माशाच्या कानातल्या खड्याचा.
खड्यात वर्तुळं असतात, खोडात असतात तशी.
ती मोजायची, मासा किती हिवाळे जगला ते लिहायचं,
आणि फाइलला नाव द्यायचं.
नावं हानुस मनाला येईल तशी देई.
कधी तारीख आधी, कधी बोट आधी,
'नवे', 'नवे दोन', 'हेच खरे',
आणि एक अक्षर, जे तिथे लिहितात पण उच्चारत नाहीत,
जुन्या यंत्रातून येताना
त्याचं जिथे तिथे प्रश्नचिन्ह झालेलं.

रान्वाने घेतलेली लायब्ररी सोवळ्यातली.
कशाला शिवत नाही.
एक झाड घेते, दुसरं झाड देते,
पहिलं होतं तिथे, होतं तसं.
म्हणते, एका पानाचं काय करायचं तेवढं सांग.
मग फांदीचं सांग, पण असं धरून,
की तिच्या पोटातल्या फांद्यांचं
सगळं आधीच उरकलंय.
बाकी मी बघते.

आठ ओळी झाल्या.
ब्यार्टा वाळलेल्या मटणाचा तुकडा चघळत
मागे येऊन उभी राहिली. "एवढंच?"

एवढंच नव्हतं.
काम एका फांदीतून खाली गेलं, आणखी खाली,
आणि वर आलंच नाही. पंखा घरघरू लागला.
शहाण्णवच्या आत, फेब्रुवारीच्या आत
हानुसने एक चोरवाट केली होती, नाव 'घरी',
थेट मुळाशी नेणारी.
रोज इतकं खाली उतरणाऱ्या माणसाला
जिना लागतोच की.
फंक्शन भाबडं. घरी गेलं,
पुन्हा शहाण्णव, पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा घरी.
रान्वाने नववी ओळ लिहिली:
पाहिलेल्या दारात परत शिरू नये.

मग घडी बसू लागली,
पानांकडून मुळाकडे, कोपऱ्याला कोपरा,
दोघी मिळून चादरीची घालतात तशी.
तारखा ओळीत आल्या.
ते मुकं अक्षर आपल्या जागी परतलं.

उरला नियम रिकाम्यांचा.
ज्यात काही नाही ते 'काही नाही' असं सांगतं,
आणि ते सांगणं मुळाशी पोचेपर्यंत गळून जातं.
तीनशे सहा फोल्डर गळणार होते.
खरं अजून काहीच घडलं नव्हतं,
ही नुसती करण्याआधीची यादी.
रान्वाने ती वाचली. बहुतेक जण वाचत नाहीत.

दोनशे अठ्ठ्याऐंशीवं: 'सुन्निवा, नोव्हेंबर ९९'.

ब्यार्टाचं चघळणं थांबलं.
"बोट होती. गेली, ती आलीच नाही.
फोल्डर त्याने आधी करून ठेवलं असणार.
खडे यायचे होते ना."

नियमात एक 'पण' घालता आला असता.
रान्वाला तो घालवेना, आठही ओळी त्याने वाकल्या असत्या.
तिने सोवळं मोडलं.
जुन्या झाडाला स्वतःचा हात लावला,
'सुन्निवा'त एक फाइल ठेवली, शून्य बाइटची.
नावावर बराच वेळ अडली.
शेवटी एकच अक्षर दिलं,
लिहितात पण उच्चारत नाहीत ते.

आणि मग एंटर.
बाहेर मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.
पडद्यावर आकडा आला:
दोन लाख अकरा हजार चारशे दहा.

"एक जास्त आहे," ब्यार्टा म्हणाली.
"असू दे."